नारिंगी पट्टा

हेलिकॉप्टर शिकायचं म्हणजे घरदार विकायचं काम, म्हणून रंगाऱ्यानं उड्डाणशाळेच्या मालकाशी सौदा केला. तो फुकटात हेलिकॉप्टरं रंगवणार, त्याची लेक उडवायला शिकणार. शेपटीवरचा नारिंगी पट्टा तर तिनंच सुचवलेला. आज मालकानं त्याला पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन माळावर बोलावलं. तिथं हेलिकॉप्टर मोडून पडलं होतं. "फोटोवाले यायच्या आत नाव आणि पट्टा झाक. आपली शोभा व्हायला नको." "उडवत कोण होतं?" रंगाऱ्यानं विचारलं. "होतं कुणीतरी शिकाऊ. दवाखान्यात नेलंय. तू हात चालव." लेकीचा तास दुपारचा, त्यामुळे तो निर्धास्त. पट्टा झाकताना वाटलं, कार्टी रुसणार. काम चोख झालं. मालकानं शेपटी निरखली, पाठ थोपटली. "तुझ्या पोरीनं सकाळीच तास मागून घेतला रे. जागीच गेली. आधी सांगितलं असतं तर तुझा हात थरथरला असता."