गंगूवरचा लाल ठिपका

आकडे पुन्हा हलले होते.

संदेशनं स्क्रीन पुसली, मग डोळे पुसले, परत बघितलं. तेच. चहाला जाण्याआधी दोन्ही आकडे शून्य होते. वरचा मध्य किती ढळला त्याचा, खालचा कोन किती चुकला त्याचा. बोल्ट त्यानं स्वतः आवळले होते. परत येऊन बघतो तर दोन्ही लाल.

"काका, इथं कोणी आलं होतं का?"

"कोण येणार?" खुर्चीत बसल्याबसल्याच उत्तमराव म्हणाले. "मी हाय, आन् ही गंगू हाय."

गंगू म्हणजे पंप. दिलसुखनगरच्या मागच्या गल्लीतल्या या बर्फाच्या कारखान्यात थंड पाणी फिरवणारा. उत्तमराव त्याचे ऑपरेटर, नाव त्यांनीच ठेवलेलं. गेल्या आठवड्यात नवी मोटर बसवली आणि गंगू थरथरायला लागली, म्हणून बंद केली. त्यात मे महिना. गंगू बंद म्हणजे बर्फ बंद.

संदेशचं काम सांगायला सोपं होतं. मोटरचा शाफ्ट, म्हणजे फिरणारा दांडा, आणि पंपाचा शाफ्ट एका रेषेत आणायचे. मोटरच्या शाफ्टवर लेझरची डबी बांधायची, पंपाच्या शाफ्टवर टार्गेटची. लाल ठिपका टार्गेटवर कुठं पडतो ते बघायचं आणि तेवढी मोटर सरकवायची. "केसाएवढं हललं तरी हे बोंब मारतं," असं त्याचे तारनाक्यातले मालक हिम्मतराव गिऱ्हाइकांना सांगायचे. संदेशला मात्र निघताना वेगळंच सांगितलं होतं. "एकट्यानं पहिलंच काम आहे. बिघडवलंस तर पुन्हा माझ्या मागं बॅगा उचलायच्या."

बॅगा उचलायच्या नव्हत्या. त्यानं परत सुरुवात केली. मोटरच्या पायाखालची पत्र्याची पट्टी काढली, दुसरी सरकवली, आणि तिच्या धारेनं बोट कापलं.

"अरे पोट्ट्या, नक्को एवढी घाई!" उत्तमराव उठले. गंगूच्या पूजेची हळद कोनाड्यात होती, ती चिमूटभर दाबली. पंप पुसायचं पिवळं फडकं होतं, त्याची चिंधी फाडून बोटाला घट्ट बांधली. "दुखतंय?"

"नाही काका."

"मग तोंड असं का केलंय? बायको पळाल्यावानी."

"लग्नच कुठं झालंय."

"तरी मी म्हणतो एवढा परेशान कसा!"

संदेश हसला, पण डोक्यात आकडेच फिरत होते. फरशी खचतेय का? उन्हानं लोखंड फुगतंय? की लेझरच खोटं बोलतंय? मोटर सरकवली, शून्य आणलं, बोल्ट आवळले. आवळल्यावर थोडा वेळ थांबून पुन्हा बघायचं, ही हिम्मतरावांची रीत. म्हणून डब्या तशाच चालू ठेवून तो जेवायला गेला.

परत आला. दाराशी चपला काढल्या, कारण काका गंगूजवळ चपला चालू देत नसत. सुलतान बाजारात त्याची माय शिलाई मशीनच्या पाया पडल्याशिवाय टाका घालत नसे, पोरालाही तीच सवय. वाकला, गंगूच्या पाया पडला, हात पुसले, स्क्रीन बघितली.

लाल.

आता मात्र त्याला वेगळीच शंका यायला लागली. नव्या मोटरपाठोपाठ ऑटोमॅटिक पॅनल येणार, मग ऑपरेटर लागणार नाही, हे सकाळी उत्तमरावच बोलले होते. हसत हसत. आणि तो बाहेर गेला की खोलीत मागं राहायचं कोण?

तेवढ्यात मॅनेजर श्रीकांतसाहेब आले. त्याला बाजूला बोलावलं.

"अजून किती वेळ? हिम्मतरावांना फोन लावू का?"

"सर, मी गेलो की कोणीतरी हात लावतंय."

"इथं काकांशिवाय असतं कोण?"

संदेशनं बोटावरची चिंधी चाचपली. काकांच्या हळदीनं बोट अजून चुरचुरत होतं.

"पक्कं सांग. माणसाच्या नोकरीचा सवाल आहे."

"आकडा आपोआप हलत नाही, सर."

साहेबांनी गंगूकडं बघितलं, मग उत्तमरावांकडं. "तुझा मोबाइल लाव कुठंतरी लपवून. ज्याचा हात दिसेल तो आजच घरी. मग कोणी का असेना."

संदेशनं तिसऱ्यांदा शून्य आणलं. मोबाइल अवजारांच्या पेटीमागं उभा केला, नुसत्या दोन डब्या दिसतील असा. "चहा पिऊन येतो," म्हणाला.

"हौ, जा. मी हाय की इथं," उत्तमराव म्हणाले.

ते त्याला लागलंच. चहा अर्धाच प्यायला, परत आला. चपला, नमस्कार, स्क्रीन. लाल! बरं वाटलं की वाईट, त्याचं त्यालाच कळेना. मोबाइल काढून घेतला आणि साहेबांना हाक मारली.

तिघं मोबाइलवर वाकले.

"काय हाय रे? मॅच लावली का?" उत्तमरावांनी चष्मा चढवला.

संदेशनं व्हिडिओ सुरू केला.

लाल ठिपका टार्गेटच्या बरोबर मधोमध. बराच वेळ काहीच घडलं नाही. मग डावीकडून पिवळं फडकं आलं. साहेबांनी मान पुढं काढली. फडक्यानं डबीजवळ घोंगावणारी माशी हाकलली आणि डबीला न शिवता परत गेलं.

"ती माशी लई सतावते," उत्तमराव म्हणाले.

पुन्हा काहीच नाही. नुसता ठिपका.

मग वरून एक हात आला.

"पकडला!" साहेब म्हणाले. "थांबव तिथं. मोठं कर."

संदेशनं चित्र मोठं केलं. टार्गेटच्या डबीवर दोन बोटं भक्तिभावानं टेकली होती, ठिपका बाजूला घसरला होता, आणि त्यातल्या एका बोटाला पिवळी चिंधी बांधलेली होती.