खंडेनवमीचे कॅन

साहेबांना नावं ठेवू नकोस, असं आये मला अजून बजावते. म्हणून झालं तेवढंच सांगतो.

लोट्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या कंपनीत दर खंडेनवमीला मशीनची पूजा झाली की साहेब आम्हा कामगारांना पेढ्याचा पुडा आणि केमिकलचा एक रिकामा प्लास्टिकचा कॅन द्यायचे. कॅनला उग्र वास यायचा. मी एकदा विचारलंही. साहेब हसले, "तीनदा धुतलाय, विनोद. घरात काहीही भर, काही होत नाही."

आम्ही भरलं. एका कॅनात प्यायचं पाणी, दुसऱ्यात कोकमाचं आगळ. आयेने चिनी मातीच्या बरण्या माळ्यावर टाकल्या. माझी मुलगी ज्ञानेश्वरी तेव्हा दोन वर्षांची, तिची पेजसुद्धा त्याच पाण्यात शिजायची.

दोन हजार तीनच्या मे महिन्यात आगळ छान झालं. आये म्हणाली, "सायबांना पन थोडा दे. त्यांनीच दिलेल्या कॅनात भरून ने, त्यांना बरा वाटंल."

कॅन खांद्यावर घेऊन मी साहेबांच्या बंगल्यावर गेलो. दार त्यांनीच उघडलं. आगळ आणलंय म्हणून सांगितलं, तेव्हा खूश झाले. मग कॅनकडे नजर गेली आणि ते दारातच आडवे आले.



"हे घरात आणू नकोस. आमच्याकडे लहान मूल आहे, कळत नाही तुला?"