शिवेवर सोडलेली कोंबडी

कसाऱ्याच्या रेल्वे बंगल्यावरच्या गोऱ्या मडमेनं सकुबाईला एकच इंग्रजी शब्द शिकवला होता. कूप, म्हणजे कोंबड्यांचं खुराडं. "कूप में आया, तो फिर डर नहीं," असं मडम म्हणायची.

त्या सकाळी सकुबाईनं तापानं फणफणलेल्या लेकीवरून काळी कोंबडी ओवाळली, कोंबडीच्या माथ्यावर कुंकू लावलं आणि तिला शिवेवर सोडून दिलं. भगतानं बजावलं होतं, "ताप हिच्यासंगं जातो. जो हिला घरात घेल, त्याच्या पोराला धरतो. ही माघारी तुज्याकडं आली, त मंग माज्या हातात काय नाय."

संध्याकाळी ती कामावर आली, तेव्हा मडम बाळाला कडेवर घेऊन कूपपाशी उभी होती. आत काळी कोंबडी दाणे टिपत होती. माथ्यावर कुंकू तसंच होतं.

"सकू, रस्ते में मिला. तेरा है तो ले जाओ."

ओळखीचा चेहरा बघून बाळ हसत सकुबाईकडे झेपावलं.

"माजी नाय, मडम," सकुबाई म्हणाली आणि तिनं कूपची कडी घट्ट लावली.