झुकलेला लंब

लंब शिकवण्यासाठी इंदुमतीबाईंनी वर्गाच्या भिंतीच्या माथ्याला दोरीला वजन बांधलेला ओळंबा टांगला. तळाशी ओळंबा भिंतीपासून वीतभर दूर लोंबत होता. भिंत बाकांकडे झुकली होती.

“दप्तरे राहू द्या. आधी बाहेर चला.”

नेत्रांहून यंत्र प्रमाण मानणाऱ्या त्या मुलांनी आपापली आलेखयंत्रे भिंतीवर रोखली. यंत्रांनी आपल्यात साठवलेला इमारतीचा मूळ नकाशा पाहून पडद्यावर काटकोन रेखाटला.

“बाई, नव्वदच अंश आहेत,” शर्वरी समजुतीच्या स्वरात म्हणाली. “तुमची दोरीच वाकडी लोंबतेय.”

वर्ग हसला. बाईंनी तिला बाहेर नेण्यासाठी तिचा दंड धरला. तिने तो हळूच सोडवून घेतला.

भिंतीतून माती गळू लागली. मुले मात्र माना खाली घालून पडद्यावरचा काटकोन वहीत उतरवून घेत होती.