नानांची आरती

पूजा आटोपून उमाताईंनी रोजच्या नेमाप्रमाणे टॅबवर नानांची स्टोरी, त्यांच्या आरतीचा छोटा व्हिडिओ, लावली. नवरा गेल्यापासून हे पाहिल्याशिवाय त्या चहा घेत नसत.

"आई, लक्ष नऊ टक्केच भरलंय," मृणाल, त्यांची सून, घाबरून म्हणाली. "संध्याकाळी पुसली जाईल ती."

आता स्टोरी जपून ठेवायची सोयच उरली नव्हती. कुणी मन लावून पाहिली, तरच तिला आणखी एक दिवस मिळे. कालपासून तर पाहणाऱ्याचे डोळे किती वेळ उघडे आहेत, हेही मशीन मोजत होतं.

"अगं, पाहते की मी रोज!"

"पाहता कुठे? आरती सुरू झाली की हात जोडून डोळे मिटता. मशीनला वाटतं, आजीबाई झोपल्या."

"त्या मेल्याला काय कळतंय! डोळे मिटल्याशिवाय लक्ष लागतं का कुठं?"

"लागत नसेल, पण आज उघडे ठेवा. नानांसाठी."

उमाताईंनी पुन्हा स्टोरी लावली आणि नेट लावून डोळे उघडे ठेवले. सोवळं नेसलेले नाना निरांजन ओवाळत गात होते. शेजारी त्या स्वतः, हात जोडून, डोळे मिटून. नानांचा हात देवापुढे फिरत होता, पण नजर बायकोच्या चेहऱ्यावरून हलत नव्हती. आरती संपेपर्यंत हलली नाही.

"शंभर टक्के!" मृणालने टाळी वाजवली.

उमाताईंनी डोळ्यांना पदर लावला.

"माझे भरले गं शंभर. ह्यांचं लक्ष बघ, देवाकडे एकदासुद्धा नाही. आणि मी वेडी, जन्मभर डोळे मिटून उभी राहिले."