रुमालाखालचा भाव

"आधी ते बंद करा, काकू. मग बोलू," काशीराम शेडच्या दारातूनच म्हणाला.

हातखंब्याच्या नाक्यावरच्या त्या आंब्याच्या शेडात तुळसाकाकूंच्या टेबलावर लॅपटॉप उघडा होता. पडद्यावर त्यांची सून दीपाली मुंबईहून बोलत होती.

"माझी सून आहे रे. खाते का तुला?"

"भाव ठरवताना तिसरा कान नको. आपल्या धंद्याची रीतच आहे."

रीत खरी होती. काशीराम मुंबईच्या बाजारातला दलाल. हंगामाच्या तोंडावर यायचा, एकेका बागायतदाराला एकटा गाठायचा, हातांवर रुमाल टाकायचा आणि त्याच्याआड बोटं दाबून पेटीचा भाव ठरवायचा. ह्याचा भाव त्याला कळायचा नाही. त्या रुमालावरच तर काशीरामच्या गळ्यात जाड साखळी आली होती.

"तो माउस मेला माझ्या हातात ठरत नाही," काकू करवादल्या. "तिसरीतच शाळा सुटली माझी. पण सुनेने ह्याला हुकूम लिहून कामं करून घ्यायला शिकवलंय."

त्यांनी एक काळी खिडकी उघडली, एका बोटाने अक्षरं हुडकत ओळ लिहिली आणि डास मारावा तसा एंटर मारला. दीपाली गेली. मग काळी खिडकीही गेली.

काशीराम कच्च्या गुरूचा चेला नव्हता. त्याने वाकून पडद्याची खालची पट्टी तपासली. चालू कामाचं एकही चित्र तिथे नव्हतं. वर गणपतीचा फोटो, कोपऱ्यात घड्याळ, बस्स. कॅमेऱ्याच्या भोकावर तर लाल टिकली चिकटवलेली.

"ह्यालाही कुंकू लावलंत?" तो हसला.

"नजर लागते. बस आता."

काशीराम बसला. काकूंची ही एक मान हलली की अख्खी वाडी हलायची, हे त्याला ठाऊक होतं. त्याने रुमाल पसरला आणि खालून बोटं दाबली.

काकूंनी तोंड वाकडं केलं. "काय दाबतोस मेल्या? संधिवाताने बोटं बधिर झालीत माझी. तोंडाने सांग."

"रुमालाखाली तोंड चालत नाही, काकू."

"मग ऊठ. नाक्यावर दलालांचा काय दुष्काळ पडलाय?"

त्याने आजूबाजूला पाहिलं. पेट्या भरणाऱ्या बायका जेवायला गेल्या होत्या. पेंढ्यात आंबे तेवढे होते, आणि आंब्यांना कान नसतात.

"तुम्हाला पेटीला अडीच हजार," तो पुटपुटला.

"मोठ्याने. कानही गेलेत."

"अडीच हजार!"

"आणि आमच्या मालगुंडच्या वाडीतल्या हरिहरला?"

"त्याला पंधराशे. सांगितलं, तुळसाकाकूंनीही पंधराशेलाच दिला. मुकाट हो म्हणाला बिचारा."

"हरिश्चंद्र?"

"तोही. सगळेच. तुमचं नाव घेतलं की डोळे मिटतात हो लोक!" काशीरामला आता चेव चढला होता. असा सौदा त्याला आजवर साधला नव्हता आणि कौतुक करायला समोर ही एकच म्हातारी होती.

"माझं नाव विकलंस तर."

"म्हणून तर तुम्हाला हजार जास्त. कुठे बोलू नका म्हणजे झालं."

"आणि मुंबईत काय भावाने उठतो रे आमचा आंबा?"

"चार हजाराला डोळे झाकून," काशीराम खुशीत म्हणाला. "मग? ठरलं ना?"

"थांब. सुनेला एक शब्द विचारते."

"विचारा की." त्याने रुमाल झटकून खिशात घातला. गड आला होता. आता सूनबाई काय करणार?

काकूंनी काळी खिडकी उघडली. वरचा बाण दाबला तशी मघाचीच ओळ पुन्हा उमटली. त्यांनी एंटर मारला.

पडदा भरून गेला. कोपऱ्यात दीपाली होती. तिच्या शेजारी खांद्यावर पंचा टाकलेला हरिहर. त्याच्याखाली हातात आंबे उतरवायचा झेला घेऊन झाडाखालीच उभा असलेला हरिश्चंद्र. मग पुढच्या चौकटीत एक, त्याच्या पुढे एक, अख्खी वाडी. दीपालीने जोडून घेतलेले सगळे आपापले आवाज बंद ठेवून मघापासून ऐकत होते.

"ह्या ओळीने खिडकी मिटत नाही हो, काशीराम," काकू म्हणाल्या, "घड्याळाशेजारी दडून बसते. आता ह्या सगळ्यांना एकदम भाव सांग. आणि ओरडायची गरज नाही बरं, माझे कान चांगले शाबूत आहेत."