छातीतली कळ

सुनेला पहाटेपासून कळा येत होत्या. दुपार कलली तरी बाळ खाली सरकेना. मुलगा दारात टेम्पो पुसत होता.

"हिला दवाखान्यात ने," आई म्हणाली.

"तू पाचदा घरीच बाळंत झालीस ना? मग हिचंच काय एवढं कौतुक?"

त्या पाचांतला तो एकटाच जगला होता.

आई आत वळली आणि उंबऱ्यातच छाती धरून कोसळली. पुढच्या मिनिटाला टेम्पो रस्त्यावर होता. "सोबत बाईमाणूस हवं," असं कण्हत तिनं सुनेलाही शेजारी बसवून घेतलं होतं.

दवाखान्यात नर्सनं तिला स्ट्रेचरवर घेतलं. "आजी, कधीपासून दुखतंय?"

"पहाटेपासून." आई खाली उतरली आणि सुनेला तिथं आडवं करत म्हणाली, "हिला न्या आत. मला काय धाड भरलीय."